काळ्या कापडातला करडा: मिनिएचर फिगरवर खरं वाटणारं काळं कापड कसं रंगवायचं

काळा झगा घातलेली फिगर, म्हणजे माणसाची छोटी मूर्ती, रंगवायला घेतली की हात आपसूक काळ्या बाटलीकडे जातो. दोन थर देऊन वाळवले की समोर झग्याच्या आकाराचा एक काळा डाग उरतो. चुण्या दिसत नाहीत, झोळ दिसत नाही, खांदा कुठे संपतो तेही कळत नाही. मग करडा रंग काढून प्रत्येक काठावर रेघ ओढली जाते, आणि झगा करडा होऊन बसतो. हे दोन्ही प्रकार मी कितीतरी वेळा केले आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की समजली: कापड काळं दिसणं हे त्यावरचा करडा किती, कुठे आणि कुठल्या झाकेचा आहे, यावर ठरतं. निखळ काळा रंग या सगळ्या कामात सर्वांत कमी लागतो आणि सर्वांत शेवटी लागतो.

आधी खरं कापड बघा

ब्रश उचलण्याआधी एक प्रयोग करा. एखाद्या छोट्या खोक्याला आतून काळा रंग द्या, झाकणाला बोट जाईल एवढं भोक पाडा आणि खोकं खिडकीजवळ ठेवा. शेजारी कुठलंही काळं सुती कापड टांगा. आता दोन्हीकडे एकदम बघा. भोक गडद काळं दिसतं, आणि त्याच्याशेजारी तेच कापड, जे एरवी काळंभोर वाटतं, चक्क करडं दिसायला लागतं. भोकात शिरलेला उजेड आतल्या आत आपटत विरून जातो, बाहेर जवळजवळ येतच नाही. कापड मात्र त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ३ ते ५ टक्के परत पाठवतं. पांढरा कागद ८० टक्क्यांच्या वर पाठवतो, म्हणून कागदाशेजारी ठेवलेलं कापड आपल्याला काळं वाटतं.

आपल्या कामासाठी यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की बाटलीतला मॅट, म्हणजे न चमकणारा, काळा अ‍ॅक्रिलिक रंगसुद्धा साधारण तेवढाच उजेड परत पाठवतो. म्हणजे आपल्या हाताशी त्याहून खालची पायरीच नाही. उजेडात असलेल्या कापडाला बाटलीतला काळा लावून टाकला, तर त्याच कापडाच्या सावलीसाठी काय उरलं? म्हणून मूळ रंग तळापासून एक पायरी वर ठेवायचा आणि तळ सावलीसाठी राखून ठेवायचा.

दुसरी गोष्ट अंतराची. २८ ते ३२ मिमीची फिगर साधारण १:५६ प्रमाणात असते. ती डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरली, तर ते खऱ्या माणसाला सुमारे २२ मीटरवरून बघण्यासारखं आहे. ५४ मिमीच्या, म्हणजे १:३२ प्रमाणातल्या फिगरला हे अंतर १३ मीटरच्या आसपास येतं आणि ७५ मिमीला, १:२४ प्रमाणात, साडेनऊ मीटर. २२ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाच्या काळ्या डगल्यात आपल्याला काय दिसतं? खांद्यावरचा उजेड, बाहीची एखाददुसरी मोठी चुणी आणि खालचा घोळ. बारीक सुरकुत्या त्या काळोखात बुडून जातात. तेव्हा छोट्या फिगरवर मोजक्या जागा उजळायच्या, पण उजळायच्या त्या ठामपणे. मोठ्या फिगरवर पायऱ्या वाढवायच्या आणि उजेड–सावलीतला फरक थोडा नरम ठेवायचा.

कुठला काळा?

व्हॅन गॉगने १८८५ साली भावाला लिहिलेल्या एका पत्रात सतराव्या शतकातला डच चित्रकार फ्रान्स हाल्स याच्याकडे किमान २७ काळे रंग असल्याचं म्हटलं आहे. आपल्याला तीन-चार पुरतात, पण रंगवायला बसण्याआधी त्यांतला एक निवडावाच लागतो. निवड न करता नुसत्या काळ्या-पांढऱ्याच्या मिश्रणाने काम केलं की कापड खडूची पूड सांडल्यासारखं दिसतं.

निळसर काळा थंड आणि नवाकोरा वाटतो. गणवेश, चांगल्या लोकरीचा डगला, समारंभाचा पोशाख यांना तो शोभतो. तपकिरी झाक असलेला काळा जुन्या, वापरलेल्या, उन्हात फिरलेल्या कापडाचा. हिरवट काळा त्याहून जुना आणि गरिबीचा वाटतो. किंचित जांभळट काळा मखमलीला आणि रेशमाला छान जातो.

कापड विटतं तेव्हा नुसतं फिकं होत नाही, तर त्याची झाक बदलते, कारण काळा रंग फार काळ एकाच द्रव्यातून येत नव्हता. सोळाव्या शतकानंतर युरोपात मध्य अमेरिकेतलं लॉगवुड नावाचं लाकूड आणि लोखंडाचे क्षार वापरून काळं कापड रंगवलं जाई. अशा कापडाचा काळेपणा उन्हापावसात तपकिरीकडे किंवा हिरवटपणाकडे झुके. भारी कापडाला खाली निळीचा हात देऊन वर काळा चढवत. म्हणून १८०९ मध्ये उभ्या राहिलेल्या, जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या काळ्या गणवेशातल्या पलटणीची फिगर रंगवत असाल, तर एकाच रांगेतल्या सगळ्यांना एकच काळा देऊ नका. एखाद्याचा डगला निळसर ठेवा, शेजारच्याचा तपकिरीकडे झुकवा. रांग लगेच जिवंत वाटते.

झाक ठरवताना फिगरवरचे बाकीचे रंगही बघा. शेजारी लाल अस्तर किंवा सोनेरी काठ असेल तर निळसर काळा उठून दिसतो. शेजारी निळा असेल तर तपकिरी झाक घ्या, नाहीतर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

सामान

फार काही लागत नाही. टोक धरणारा १ किंवा २ नंबरचा सेबल (प्राण्याच्या मऊ केसांचा) ब्रश लागतो. त्याहून बारीक ब्रशाच्या मागे लागू नका, त्यात रंग टिकत नाही आणि टोकावरच वाळतो. सोबत वेट पॅलेट (रंग ओला ठेवणारी पाटी), मॅट मीडियम (रंग पातळ करायचा बिनरंगी, न चमकणारा द्रव) आणि चार रंग: काळा, गडद निळा, गडद तपकिरी आणि हस्तिदंती पांढरा. मी व्हॅलेहो मॉडेल कलरमधले वापरतो: ७०.९५० ब्लॅक, ७०.८९९ डार्क प्रशियन ब्लू, ७०.९४१ बर्न्ट अंबर आणि ७०.९१८ आयव्हरी. याच झाकेचे दुसऱ्या कुठल्याही कंपनीचे मॅट रंग चालतील.

यात शुद्ध पांढरा मुद्दाम घेतलेला नाही. काळ्यात शुद्ध पांढरा घातला की करडा थंड आणि खडूसारखा होतो. हस्तिदंती रंगातला पिवळसरपणा त्याला आवर घालतो. आयव्हरी नसेल तर फिकट त्वचेचा रंग घ्या, तोही उत्तम काम करतो.

प्रायमर आणि मूळ थर

प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायचा थर, करडा घ्या. काळ्या प्रायमरवर गडद रंग चढवताना कुठे रंग लागला आणि कुठे राहिला तेच कळत नाही. प्रायमर वाळला की फिगर दिव्याखाली, ज्या बाजूने उजेड यावा असं वाटतं त्या बाजूला धरा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. उजेड कुठल्या चुणीच्या कुठल्या अंगावर पडतो याचा नकाशा तयार मिळतो. पुढचं सगळं काम हा फोटो समोर ठेवून करायचं.

मूळ रंगासाठी ६ थेंब काळा, २ थेंब निळा आणि १ थेंब आयव्हरी मिसळा. निळसर झाक नको असेल तर निळ्याऐवजी तपकिरी घ्या. निळ्याच्या मिश्रणातही ब्रशाच्या टोकावर मावेल एवढा तपकिरी घालाच, नाहीतर कापड गडद निळं वाटायला लागतं. मिश्रण पॅलेटवर पसरून निखळ काळ्याच्या ठिपक्याशेजारी बघा. दोन्हींत फरक दिसला पाहिजे, पण शोधावा लागला पाहिजे.

पातळ करून दोन थर द्या. पातळ म्हणजे किती? ब्रश पॅलेटवर टेकवून उचलल्यावर रंगाची कड धारदार न राहता हळूच पसरावी, पण थेंब वाहून जाऊ नये. पहिल्या थरात डाग दिसतील. ते झाकायला लगेच पुन्हा हात फिरवू नका. अर्धवट वाळलेल्या काळ्यावर ब्रश फिरला की साय फाटल्यासारखे ओरखडे उठतात, आणि गडद रंगावर ते शेवटपर्यंत दिसतात.

एक चुणी जवळून

इथे थांबून एकच चुणी नीट समजून घेऊ, कारण सगळा झगा याच चुणीची पुनरावृत्ती आहे.

खांद्यावरून सुटलेला झगा खाली येतो तेव्हा नळीसारखी एक उभी चुणी तयार होते. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरा. या नळीचा सर्वांत उजळ भाग तिच्या मधल्या कण्यावर नसतो. तो कण्याच्या किंचित डावीकडे, उजेडाकडे तोंड केलेल्या अंगावर असतो. नवखा हात नेमका कण्यावर रेघ ओढतो आणि चुणी काठीसारखी दिसते. कण्यापासून उजवीकडे गेलं की काळेपणा झपाट्याने वाढतो आणि चुणीच्या मुळाशी, जिथे ती पुढच्या चुणीला भेटते, तिथे तो सर्वांत गडद होतो. डावीकडे मात्र उतार सावकाश असतो. एक अंग झपाट्याने गडद आणि दुसरं सावकाश, एवढं साधलं की चुणीला गोलाई येते.

वरून खालीही उजेड सारखा नसतो. खांद्याजवळ, जिथे कापड ताणलेलं असतं, तिथे तो सर्वांत जास्त. मधल्या भागात तो विझत जातो. तळाला घोळ बाहेर फाकतो तिथे पुन्हा थोडा जागा होतो. चुणीच्या पूर्ण लांबीवर सारख्या जाडीची, सारख्या उजळपणाची रेघ आली, की काळं कापड गेलं आणि करडी पट्टी आली असं समजा.

आता रंग. मूळ मिश्रणाच्या ४ थेंबांत १ थेंब आयव्हरी घालून पहिली पायरी बनवा. ब्रश भरून घ्या, कागदावर टेकवून जास्तीचा रंग काढा आणि चुणीच्या उजेडाकडच्या अंगावर, तिच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भागात लावा. ब्रश सावलीकडून उजेडाकडे ओढा. ब्रश उचलला जातो तिथे रंग सर्वांत जास्त साचतो, म्हणून उचलण्याची जागा सर्वांत उजळ हवी.

दुसऱ्या पायरीला याच मिश्रणात आणखी एक थेंब आयव्हरी घाला आणि पहिल्या पट्ट्याच्या आतच, त्याच्या निम्म्या रुंदीत, वरच्या व खालच्या टोकांजवळ लावा. मधला भाग सोडून द्या. तिसरी पायरी फक्त ठिपक्यांची: खांद्याची कड, कोपराचं टोक, घोळाचा बाहेर आलेला काठ. लोकरीच्या किंवा सुती कापडावर हा शेवटचा रंगसुद्धा मध्यम करड्याच्या पुढे नेऊ नका.

पायऱ्यांच्या मधली सीमारेषा दिसेल. दिसू द्या. तिला घोटत बसू नका, पुढच्या टप्प्यात ती मिटते.

ग्लेझ: काळेपणा परत आणणं

या टप्प्यावर झगा ठरवल्यापेक्षा फिका दिसतो, तसाच दिसायला हवा. आता ग्लेझसाठी, म्हणजे खालचा रंग दिसू देणाऱ्या पातळ थरासाठी, १ भाग काळा, त्यात चिमूटभर निळा किंवा तपकिरी, आणि ६ ते ८ भाग पाणी व मॅट मीडियम यांचं मिश्रण करा. ब्रश भरा आणि कागदावर चांगला टिपून घ्या. मग उजळ भागाच्या कडेपासून सुरू करून चुणीच्या मुळाकडे ओढा. हा रंग लावल्यासारखा वाटणारच नाही, एवढा पातळ हवा. वाळला की पुन्हा, वाळला की पुन्हा. तीन-चार हातांत पायऱ्यांच्या सीमा विरघळतात आणि कापडात खोली येते.

पूर्ण वाळण्याआधी दुसरा हात दिलात तर खालचा थर उचलला जाऊन कडेला गोल डाग पडतो. काळ्यावर हा डाग इतर कुठल्याही रंगापेक्षा जास्त दिसतो. मी एका वेळी झग्याच्या चार-पाच वेगवेगळ्या चुण्या घेतो. शेवटचीपर्यंत पोचेतो पहिली वाळलेली असते.

तयार काळा वॉश (खोलगट भागांत उतरणारा पातळ रंग) सगळीकडे ओतून हे काम झटपट करता येईल असं वाटतं. वॉश खोलगट भागांबरोबर सपाट भागावरही साचतो, केलेला उजेड मळवतो आणि वाळल्यावर बरेचदा चमकतो. काळ्या कापडावर मी तो वापरत नाही.

मग फिगर हातभर लांब धरून डोळे अर्धवट मिटा आणि स्वतःला विचारा: हे कापड कुठल्या रंगाचं आहे? मनात आधी ‘काळं’ आलं आणि मग चुण्या दिसल्या, तर काम जमलं. ‘करडं’ आलं तर आणखी ग्लेझ द्या. माझा ठोकताळा असा, की झग्याचा निदान तीन चतुर्थांश भाग गडद राहिला पाहिजे. उजेडाची तीव्रता थोडी जास्त झाली तर चालते, उजेडाचा विस्तार जास्त झाला तर चालत नाही. फोटो काढूनही बघा, पण कॅमेरा गडद वस्तू दिसली की आपणहून उजळवतो, म्हणून एक्स्पोजर थोडं उतरवून घ्या आणि मागे मध्यम करडा कागद लावा.

पोत

आतापर्यंत सांगितलं ते जाड, मॅट कापडाचं. पोत बदलला की उजेडाचा स्वभाव बदलतो, रंगांची बाटली तीच राहिली तरी.

लोकर उजेड पसरवते. तिच्यावर दुसरी पायरी सलग न लावता ब्रशाच्या टोकाने बारीक ठिपक्यांनी लावा आणि मग ग्लेझ द्या. मोठ्या फिगरवर याचा परिणाम फार सुंदर येतो.

रेशीम आणि साटीन यांच्यात मधले करडे जवळजवळ नसतात. काळं, लगेच अरुंद झळाळी, पुन्हा काळं. इथे शेवटची पायरी जवळपास पांढरी चालते, पण ती केसाएवढी बारीक हवी. सावलीच्या भागात, तळाशी, जमिनीचा किंवा शेजारच्या कापडाचा रंग अगदी पातळ ग्लेझने द्या. चकाकणारं काळं कापड आजूबाजूचे रंग दाखवतं, आणि डोळ्याला रेशीम ओळखू येतं ते बरंचसं त्यावरून.

मखमलीचा हिशोब उलटा. तिचे उभे तंतू समोरून बघताना उजेड गिळतात, म्हणून आपल्याकडे तोंड केलेला भाग काळा राहतो. आपल्या नजरेपासून वळत जाणाऱ्या कडांवर तंतूंच्या बाजू दिसतात आणि तिथे मऊ उजळ किनार येते. म्हणून मखमलीवर चुणीचा मधला भाग निखळ काळा ठेवून दोन्ही कडांना मंद, जांभळट करडा द्या. नियम मोडल्यासारखं वाटतं, पण एकदा करून बघितलं की खात्री पटते.

विटलेल्या सुती कापडावर खांदे, कोपरे, गुडघे आणि खिशांच्या कडा इथे आयव्हरीऐवजी फिकट तपकिरी मिसळून उजळा. सावलीत मूळ काळा जसाच्या तसा राहू द्या, कारण ऊन तिथे पोचलेलंच नसतं.

काळ्याशेजारी काळं

काळा डगला, काळा पट्टा, काळे बूट, काळी टोपी. असं सगळं एकाच मिश्रणाने रंगवलं तर फिगर वितळून एक होते. झाक आणि चकाकी दोन्हींनी वेगळेपण आणा. डगला निळसर आणि मॅट. चामडं तपकिरी झाकेचं, काठांवर तुटक, धारदार रेघा, घासलेल्या जागी चक्क तपकिरी, आणि शेवटी साटीन, म्हणजे मंद चमकणारं, व्हार्निश. जिथे दोन काळे एकमेकांना भिडतात, तिथे एकाची कड उजळ ठेवली की दुसऱ्याची तिथली बाजू गडद ठेवा.

घोळाला धूळ दाखवायची असेल तर हात फार आखडता घ्या. काळ्यावर धूळ पटकन दिसते. फिकट मातकट रंग पातळ करून तळाच्या काठापासून वर विरत जाणारे दोन हात पुरेत. ड्रायब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशाने, उंचवट्यांवर धूळ मारू नका, मेहनतीने विझवलेला उजेड सगळीकडे परत येतो.

व्हार्निश, आणि त्यानंतरचं शेवटचं काम

मॅट व्हार्निश उजेड विखुरतं, म्हणून त्याखाली प्रत्येक काळा अर्धी पायरी वर सरकतो. ग्लॉस, म्हणजे चमकदार, व्हार्निशने उलट होतं, काळा खोल होतो. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर बघून मगच फिगरवर मारा.

एकदा दमट हवेत मी मॅट स्प्रे मारला आणि पूर्ण झालेल्या काळ्या झग्यावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर बसला. आठवडाभराचं काम होतं. वाटलं, सगळं धुऊन काढावं लागणार. पण ब्रशाने ग्लॉस व्हार्निशचा एक पातळ हात दिला आणि पांढुरकेपणा डोळ्यांदेखत नाहीसा झाला, खालच्या चुण्या जशाच्या तशा वर आल्या. एक दिवस वाळू देऊन वर ब्रशानेच मॅट व्हार्निश लावलं. तेव्हापासून काळ्या कापडावर मी मॅट फक्त ब्रशानेच लावतो, दोन पातळ थरांत.

व्हार्निश पूर्ण वाळल्यावर निखळ काळा पहिल्यांदा बाटलीतून बाहेर काढा. थेंबभर काळा, त्यात थोडं साटीन मीडियम. मघाशी बघितलेलं खोक्याचं भोक आठवा आणि फिगरवर तशा जागा शोधा: कॉलरच्या आत, काखेत, झग्याच्या दोन झोळांच्या मधली फट, पट्ट्याखालची रेघ. अशा चार-पाचच जागा असतात. ब्रशाचं टोक तिथे फक्त टेकवा आणि उचला.